मायाक्कांच्या घरातल्या चार तारा

मायाक्का बंडगर यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या ठार बहिऱ्या आहेत असं मला वाटलं. मला तसं वाटावं, अशी व्यवस्था त्यांनीच केली होती.

मी गुरुशांत. गाव अक्कलकोट तालुक्यातलं, राहायला सोलापुरात, नोकरी घरोघर इंटरनेट जोडून देणाऱ्या एका कंपनीत. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथंच आहे. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर तक्रार आली ती जुळे सोलापूरमधल्या एका घराची. खाली घर, वर एक मजला, त्याच्यावर गच्ची. ‘वायरवर स्पीड कमी. आधीच्या भेटी : दोन.’ आणि खाली आमच्याच कुणीतरी टाकलेला शेरा : ‘ग्राहक त्रासदायक.’

फाटक उघडायला ठेंगणीशी, साठीची बाई आली. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पदर खोचलेला, नाकावर चष्मा.

“मावशी, नेटची तक्रार होती ना?”

“कुठला शेट?”

“शेट नाही, नेट! इंटरनेट!”

“पोट? पोट बरं हाय की माझं.”

मी खाणाखुणा केल्या. कानाशी हात नेला, हवेत वायर काढली, बोटांनी टाइप करून दाखवलं. बाईंनी सगळं शांतपणे पाहून घेतलं, मला आत बसवलं आणि शंभर पानी वही समोर ठेवली.

“हितं लिव. नाव, वेळ, आन् रोग काय हाय त्यो. खाली सही.”

वहीत माझ्या आधीचे दोघे होते. पहिला चन्नवीर, माझ्याच गटातला. त्यानं लिहिलं होतं, ‘लॅपटॉप जुना झाला आहे.’ दुसरा शिवकुमार. ‘खराब हवामानामुळे.’ तारीख मे महिन्याची अकरा. त्या दिवशी सोलापुरात बेचाळीस डिग्री होतं आणि आभाळात औषधालाही ढग नव्हता.

मला हसू आलं. तेवढ्यात आमच्या सुपरवायझरचा, चनबसप्पांचा, फोन आला. ते आमच्याच बाजूचे, म्हणून मी बिनधास्त कन्नडमध्ये बोललो. पोचलोय म्हणालो, घर सापडलंय म्हणालो, आणि शेवटी, “मुदुकी भाळ शाणी अदाळ री,” म्हणजे म्हातारी भलतीच शहाणी आहे, असंही सांगून मोकळा झालो.

फोन ठेवला. बाई चष्मा पुसत होत्या. मान वर न करता कन्नडमध्येच म्हणाल्या, “मुदुकी अल्ल. मायाक्का.” म्हातारी नव्हे, मायाक्का.

माझ्या कानशिलातून वाफ निघाली असावी.

“अक्का, तुम्हाला ऐकू येतं?”

“लई वर्सं कानावरच पगार घेतला मी. उट आता. वर चल.”

वरच्या मजल्यावर त्यांची सून राजनंदिनी काम करत बसली होती. ती पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग करते. एका लग्नाच्या सगळ्या फाइली मिळून शंभर जीबीच्या घरात जातात आणि त्या इथून पुण्याला पाठवायच्या असतात. प्लॅन तीनशे एमबीपीएसचा, वर जाताना तीनशे आणि खाली येतानाही तीनशे. त्या हिशेबानं पाऊण तासाचं काम. तिला अडीच तास लागत होते. तोवर तिकडे स्टुडिओवाले फोनवर फोन करायचे आणि नवरानवरी ताटकळत बसायचे.

“वायफाय नाही वापरत मी,” ती म्हणाली. “भिंतीतून वायर आलीय, तीच लावते. तरी हे बघा.”

तिनं स्पीड मोजून दाखवला. चौऱ्याण्णव. मी माझा लॅपटॉप लावला. चौऱ्याण्णव. तिच्या लॅपटॉपच्या वयाचा प्रश्न तिथंच मिटला.

मायाक्का दारात उभ्या होत्या. “चार दिस वहीत लिवतीय मी. सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी चौऱ्याण्णव, सांजच्याला चौऱ्याण्णव. रोग असता तर चढउतार झाला असता की. ह्यो रोग न्हाय बाबा. ही कुणीतरी लावलेली शिस्त हाय.”

बरोबर होतं. नेट खरंच आजारी असतं तेव्हा आकडा साठ, दीडशे, वीस असा नाचतो. रोज एकाच ठिकाणी येऊन थांबतो, याचा अर्थ मधली कुठली तरी वाटच शंभरची आहे. मी लॅपटॉपमध्ये पाहिलं तर तिथंही जोडणी शंभरचीच दाखवत होती. मी खाली हॉलमध्ये आलो, टीव्हीच्या कपाटात ठेवलेल्या राउटरला माझी वायर लावून बघितली. तीनशे. एकदम भरभरून. म्हणजे कंपनीचं नेट घरापर्यंत ठणठणीत येत होतं आणि घरातल्या घरात जिना चढताना त्याला धाप लागत होती.

अशा वेळी आमची सवय म्हणजे दोन्ही टोकांचे कनेक्टर कापायचे आणि नवे ठोकायचे. मी पक्कड काढली.

“आदी बघ, मग काप,” मायाक्का म्हणाल्या.

म्हणून मी बॅटरी लावून राउटरच्या मागं वाकून बघितलं. कनेक्टर पारदर्शक असतो, आतल्या तारांची रंगीत टोकं दिसतात. आठ दिसायला हवीत. चारच दिसली. नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी, बाकीचे चार खण रिकामे. आठही तारा असल्या तर वायर हजारापर्यंतचा वेग ओढते. चार असल्या तर शंभराच्या वर जाऊच शकत नाही, आणि सगळी वजावट होऊन हातात चौऱ्याण्णव पडतात.

“अक्का, आठातल्या चारच तारा लागल्यात.”

मायाक्कांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “तिघांत तू एकटा वाकलास,” त्या म्हणाल्या. “बस. आता चहा.”

म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “चार तारा न्हाईत ते कळलं. कुटं गेल्या ते न्हाय कळलं. आन् मी न सांगता कोन कोन थाप मारतंय त्ये बी बघायचं हुतं.”

चहाबरोबर मला त्यांचं आयुष्य कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, कारण मधेच उठून त्या गॅस बघायच्या.

माहेर सांगोल्याकडचं, वडील मेंढरं राखणारे, वर्षातले आठ महिने कुटुंब मेंढरांमागं. मायाक्का मामाकडे राहून मॅट्रिक झाल्या आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावी बोलायचं तर ऑपरेटरला सांगून कॉल लावून घ्यावा लागायचा. सोलापूरचं गिऱ्हाईक म्हणजे एक तेलुगूतून रागवणार, दुसरा दखनी उर्दूतून, तिसरा कन्नडमधून. अक्का तिन्ही भाषा कानानं शिकल्या आणि तिन्ही भाषांत उलटून बोलायलाही.

त्या काळातली एक गोष्ट त्यांनी सांगितली. दोन भाऊ होते. थोरला अक्कलकोटला, धाकटा सोलापुरात, दुकानाच्या वाटणीवरून चार वर्षं अबोला. सगळ्या जगाला कॉल लावायचे, एकमेकांना कधी नाही. एका दुपारी लाइन मोकळी होती. अक्कांनी थोरल्याला फोन लावला, “तुमचा कॉल आलाय, बोला.” धाकट्याला लावला, “तुमचा कॉल आलाय, बोला.” आणि दोघांना जोडून दिलं.

“हां, बोल,” थोरला.

“तू बोल. फोन तू केलायस,” धाकटा.

मग बराच वेळ नुसती खरखर. शेवटी थोरल्यानं विचारलं, “आईचं गुडघं कसं हाय?”

तीन मिनिटं संपली. नियमाप्रमाणं अक्कांनी मधे तोंड घातलं, “वेळ संपली, वाढवायची का?” दोघं एकदम म्हणाले, “वाढवा!” तो कॉल अक्कांनी रजिस्टरमध्ये ‘लाइन तपासणी’ म्हणून लिहिला.

पुढं यंत्रं आली आणि ऑपरेटर नकोशा झाल्या. बाकीच्या बायका कारकुनी टेबलावर गेल्या. अक्कांनी अर्ज केला की मला तारांच्या खोलीत पाठवा. अख्ख्या शहराच्या तारा जिथं येऊन खुंट्यांना लागतात, ती खोली. तिथं त्या निवृत्तीपर्यंत राहिल्या. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचे यजमान श्रीमंतकाकाही चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाले. ते तिथं फिटर होते.

“काका कुठं आहेत?” मी विचारलं.

“गच्चीवरल्या खोलीत. रोज दुपारी तीन ते पाच पोथी वाचत्यात. निवृत्त झाल्यापासनं लई भाविक झालेत.”

चहा संपला. मी परत कपाटाकडे गेलो आणि आता नीट बघितलं तर राउटरला, टीव्हीच्या वायरींच्या गुंत्यात, त्याच केबलमधून फुटलेली आणखी एक वायर लावलेली होती. त्यात निळी आणि तपकिरी जोडी. मगाशी मी ती टीव्हीची समजून सोडून दिली होती.

“टीव्ही वायरवर चालतो का?”

“न्हाय. वायफायवर.”

मी ती दुसरी वायर उपटली. टीव्ही चालूच राहिला. दोन सेकंद गेले आणि वरून, पार गच्चीवरून, आवाज आला, “अरं तिच्या!”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. जिन्यावर पावलं वाजली. श्रीमंतकाका खाली आले. उंच, पांढऱ्या मिशा, बनियन आणि पायजमा, कपाळावर घाम. मला बघून दचकले.

“लाईट गेली का गं?”

“न्हाय की. पंखा फिरतोय न्हवं?”

“हां. फिरतोय.” ते पंख्याकडे बघत उभे राहिले. “मग काय न्हाय.” आणि वर गेले.

मायाक्कांनी मला खूण केली. मी वायर परत लावली. त्यांनी मनातल्या मनात वीस आकडे मोजले असतील, मग पुढं होऊन स्वतःच्या हातानं उपटली.

“आयला!” वरून.

काका परत खाली. या वेळी त्यांनी पंख्याकडे आधी बघितलं.

“तुमचं काय काम अडलंय?” अक्कांनी फार मायेनं विचारलं.

“कुटं काय. पोथी वाचतोय.”

“मग पोथी बंद पडली का?”

काकांनी माझ्याकडे बघितलं, राउटरच्या कपाटाकडे बघितलं, घोटभर पाणी प्यायले आणि गेले. अक्कांनी वायर तिसऱ्यांदा उपटली नाही. मात्र उपटायला त्यांचे हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं.

आता उलगडा झाला होता. राजनंदिनीच्या खोलीत जाणारी वायर जिन्यातल्या एका पट्टीमागून जाते. तिथं कुणीतरी ती कापून, आणि खाली राउटरपाशीही, आठ तारांचे दोन वाटे केले होते. चार सुनेकडे आणि चार पुढं गच्चीवर सासऱ्याकडे. आमच्या धंद्यातली ही जुनी चलाखी आहे. नवी वायर ओढायचा कंटाळा आला की आहे तिच्यातूनच दोन कनेक्शनं काढायची. दोन्ही चालतात, दोन्ही अर्धवट.

“केलं कुनी?” अक्का म्हणाल्या. मग वही उघडली, चन्नवीरच्या सहीवर बोट ठेवलं. “लॅपटॉपवर ढकलून मोकळा झाला त्यो ह्योच. ह्याचा नंबर दे.”

पुढचं मी कानांनी ऐकलं म्हणून सांगतो. अक्कांनी नंबर लावला, घसा साफ केला, आणि त्यांच्या तोंडून पंचवीस वर्षांच्या मुलीचा घंटेसारखा आवाज निघाला. “नमस्कार. मुख्य कार्यालयातून बोलतेय. आपलं संभाषण गुणवत्तेसाठी नोंदवलं जात आहे. जुळे सोलापूर, बंडगर यांच्या घरी आपण एका केबलमधून दोन जोडण्या दिल्यात. कारण सांगा.”

चन्नवीर हा आमच्या गटातला सगळ्यात बोलघेवडा. तो अर्ध्या मिनिटात पाघळला. “मॅडम, तक्रारीच्या आधीची गोष्ट, घरात बाकी कुणी नव्हतं. गच्चीवर न्यायला वायर कमी पडत होती. आजोबा म्हणाले घरात कुणाला सांगू नको. मॅडम, त्यांनी शेंगोळी खायला घातली हो. इतकी चांगली होती, मला नाही म्हणवेना.”

“शेंगोळी कुणी केली होती?”

“आजोबांनीच, मॅडम.”

अक्कांनी फोन ठेवला. त्यांचा स्वतःचा आवाज परत यायला थोडा वेळ लागला.

“काय म्हणाला त्यो? आजोबांनी केलती?”

“तसंच म्हणाला.”

“आमच्या ह्यांना पानी गरम करायला येत न्हाय.”

त्या दिवशी मी काहीच दुरुस्त केलं नाही, कारण अक्का म्हणाल्या, “आत्ता चार तारा वडून घेतल्यास तर ह्यांचं काय चाललंय ते कळायचंच न्हाय. नवी वायर घिऊन ये. दोघांना पुरी पुरी दे. पर हे घरात नसताना.”

काका घरात नसण्याची सोय त्यांनीच केली. काकांची बहीण अकलूजला असते. अक्कांनी काकांना सांगितलं, ताईंनी तुमची लई आठवण काढलीय. ताईंना फोन करून सांगितलं, भावानं तुमची लई आठवण काढलीय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काका अकलूजला गेले, दोन दिवसांसाठी.

मी वायरचं भेंडोळं घेऊन गेलो. जिन्यातली कापलेली वायर काढून टाकली आणि राजनंदिनीच्या खोलीपर्यंत नवी ओढली, आठही तारांची. दुसरी एक सरळ गच्चीवर नेली. गच्चीवरच्या खोलीला कुलूप होतं.

“किल्ली?”

“हाय माझ्याकडं दुसरी.” अक्का कमरेची किल्ली काढता काढता थांबल्या. “चार वर्सं हाय. कदी उघडलं न्हाय. मानसाला एक कुलूप असावं त्येच्या त्येच्यापुरतं. आज वायर आत न्यायची म्हणून.”

दार उघडलं. आत पोथी होती, खोटं कशाला सांगू. फडताळात, लाल कापडात बांधलेली, वर धूळ. बाकी खोलीत एक टेबल, त्याच्यावर एका बर्नरची शेगडी, मोबाइल अडकवायचा उंच स्टँड, गोल दिवा, खालून आलेली वायर लावलेली वायफायची छोटी डबी, आणि भिंतीला ओळीनं डबे. काळा मसाला, हुलग्याचं पीठ, शेंगांचं कूट, कारळं. प्रत्येक डब्यावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी. खोलीभर फोडणीचा जुना वास.

अक्का दारातच उभ्या होत्या. “आन् मी त्या शेजारच्या चंद्रव्वाला नावं ठिवत हुते,” त्या म्हणाल्या. “दुपारच्याला चार वाजता काय सयपाक करतीय बाई म्हणून.”

राजनंदिनी मागून आली. तिनं टेबल पाहिलं, टेबलावरचा निळा चेक्सचा टॉवेल पाहिला आणि किंचाळली, “आई! चुलीवाले मामा!”

मला काही कळेना. तिनं मोबाइल काढून दाखवला. ‘मेंढरामागची चूल’ नावाचं चॅनल. अकरा हजार लोक बघणारे. चेहरा कुठंच नाही, नुसते दोन हात आणि खाली निळा टॉवेल. बोलणंही नाही, काय घालायचं ते पाटीवर खडूनं लिहिलेलं. मेंढरांमागं फिरणारी माणसं तीन दगडांवर काय काय करून खातात ते हे हात करून दाखवायचे. सासू आणि सून दोघी दर आठवड्याला बघत होत्या. त्यातलं बघून दोनदा घरी करूनही झालं होतं आणि काकांनी ते खाल्लंही होतं.

अक्कांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती.

“मागात सापडलेलं बोट,” त्या हळूच म्हणाल्या. “आमचं लगीन झालं त्या साली. चाळीस वर्सं बघतीय मी ह्ये बोट. आन् हितं वळखलं न्हाय.”

त्यांनी मोबाइल सुनेच्या हातात परत दिला. मग डोळ्यांत मला फाटकात बनवतानाची चमक आली. “वायर लाव. खोली हुती तशी ठिव. कुनी काय बोलायचं न्हाय.”

मी दोन्हीकडं स्पीड मोजला. सुनेच्या खोलीत दोनशे अठ्ठ्याण्णव. गच्चीवरही तेवढाच, एकट्यानं वापरलं तर. राजनंदिनीनं टाळ्या वाजवल्या. माझं काम तिथंच संपलं होतं, पण अक्का म्हणाल्या, “ऐतवारी दुपारी तीनला ये. वायर तपासायला.”

रविवारी मला सुट्टी असते. तरी गेलो.

काका अकलूजहून येऊन त्यांच्या खोलीत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच ते थेट प्रक्षेपण करणार होते, तसं चॅनलवर दोन दिवस आधी लिहिलं होतं. नेट अचानक सुधारल्यामुळं त्यांना हुरूप आला असावा. आम्ही तिघं गच्चीच्या जिन्यावर ओळीनं बसलो, सगळ्यात वर अक्का, हातात मोबाइल. दार लोटलेलं होतं. आतून पिठात पाणी घातल्याचा आवाज यायचा आणि चारपाच सेकंदांनी तेच मोबाइलवर दिसायचं.

शेंगोळी होती. हुलग्याच्या पिठाचे वळे करून तिखट रश्शात शिजवायचे. काका आज बोलत होते. भीत भीत, पण बोलत होते. आपल्या वडिलांविषयी सांगत होते, मेंढरं बसली की ते कसं पीठ मळायचे. हात मात्र चपळ चालत होते.

अक्कांनी मोबाइलवर टाइप केलं. नाव त्यांनी आधीच घेतलं होतं, ‘केमची सून’. केम गावात त्यांचं कुणीही नाही.

‘मामा, मीठ इसरला.’

आतून काका म्हणाले, “व्हय की! केमच्या ताई, उपकार झाले बगा.” मिठाचा डबा वाजला.

‘रस्सा लई पातळ वाटतोय.’

“न्हाय ताई, शिजला की आळतोय. दम धरा.”

‘वळं सारखं न्हाईत. एक मोठा एक बारका.’

आतून जरा थांबून उत्तर आलं, “ताई, मेंढरं बी सारखी नसत्यात.”

लोकांनी हसायची चित्रं पाठवली. अक्कांनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. राजनंदिनीनं तोंडात पदर कोंबला होता. अक्कांनी शेवटचं टाइप केलं, एक एक अक्षर शोधत.

‘मामा, ती बारकी शेगडी कुटनं आनली? आमच्या घरातली चार वर्सं झाली घावंना.’

मोबाइलच्या पडद्यावर दोन हात, एका हातात पळी, तशीच्या तशी हवेत. पळीतून रस्सा निळ्या टॉवेलवर ठिबकत होता. एक क्षण, दोन, तीन. मग अक्कांना आवरेना. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या गच्चीवर चंद्रव्वा धुणं सोडून बघायला आली, आणि ते हसणं चारपाच सेकंदांनी मोबाइलमधूनही निघालं, अकरा हजारांतले जे कोण बघत होते त्या सगळ्यांना ऐकू गेलं.

दार उघडलं. काका उभे. चेहरा पडलेला. चोरी पकडल्यावर असतो तसा नाही, लहान मुलासारखा. मला वाटलं, आता मी निघावं.

“कदीपासनं?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारपासनं. पर बघतीय दोन वर्सं झाली,” अक्का म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. ताट घेतलं, वाटीत शेंगोळी वाढून घेतली, खुर्चीवर बसल्या. कॅमेरा चालूच होता. त्यात अक्कांचा अर्धा हात आणि वाटी दिसत होती. त्यांनी एक वळा तोडला, खाल्ला, रस्सा फुरकला. काका पायजम्याला हात पुसत उभे.

“तिखट कमी हाय,” अक्का म्हणाल्या.

काकांनी मान हलवली.

अक्कांनी वाटी पुढं केली. “वाढा अजून.”

मला आणि राजनंदिनीलाही वाढलं. चन्नवीर खोटं बोलला नव्हता. मी तीनदा घेतली.

निघताना अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, काकांनी लपवलं कशाला? एवढं चांगलं येतंय.

त्या जरा वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिल्या. “मी बी तेच इचारलं त्यास्नी. लगीन झाल्यावर पयल्या म्हयन्यात मी तापानं पडले हुते. ह्यांनी चहा करून आनला. मी घोट घेतला आन् म्हनले, ह्यो चहा हाय का म्हशीचं आंबून? सासू हुती, दीर हुते, सगळी हसली. तवापासनं ह्यांनी सयपाकघरात पाऊल टाकलं न्हाय. कोरोनाच्या टाळेबंदीत कारखान्यात अडकले हुते तवा पंधरा मानसांचा सयपाक ह्येच करायचे म्हने. मला सांगितलं, मेस हुती.” त्यांनी कडी सोडली. “मी गंमत केलती रे. मला तर आटवत बी नव्हतं. दुसऱ्याला चिडवायचं म्हंजे तार जोडल्यावानी असतं. आपण जोडून मोकळं हुतो. तिकडं काय वाजतंय ते आपल्याला कुटं कळतं?”

मी म्हणालो, “अक्का, काही बिघडलं तर फोन करा.” त्या म्हणाल्या, “बिघडल्यावरच करती का मी?” आणि आत गेल्या.

चन्नवीरला आठवडाभरानं खरं कळलं, तेही अक्कांकडूनच. त्याच घंटेसारख्या आवाजात त्याला फोन गेला की मुख्य कार्यालयानं आपली चौकशी जुळे सोलापूरला ठेवली आहे, रविवारी हजर राहावे. तो इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची पिशवी घेऊन गेला. अक्कांनी त्याला पाटावर बसवलं, वहीतला त्याचा शेरा त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि मग जेवायला वाढलं. आता तो कुठल्याही घरात गेला की आधी राउटरच्या मागं वाकतो.

काकांचा मुक्काम गच्चीवरून खाली आला. स्वयंपाकघराची वाटणी झाली, आठवड्यातले तीन दिवस त्यांचे. राजनंदिनी त्यांचे व्हिडिओ एडिट करते, लग्नांचं काम पाऊण तासात पुण्याला गेलं की उरलेल्या वेळात. अक्का पडद्यावर दिसत नाहीत. दिसायला त्यांचा नकार आहे. पण आवाज असतो, कॅमेऱ्यामागून, अधूनमधून, काकांचं चुकलं की लगेच.

गेल्या महिन्यात मी त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हणून डोकावलो. चित्रीकरण चालू होतं, पिठलं होतं. काका गंभीरपणे सांगत होते, “आता तिखट आपापल्या अंदाजानं घाला.”

“अंदाजानं न्हाय,” मागून आवाज आला. “दोन चमचे. ह्यांचा अंदाज धरून बसलासा तर उपाशी ऱ्हाल.”

काकांनी डबा उघडला, कॅमेऱ्याकडे न बघता तिसरा चमचा घातला आणि पळी फिरवायला लागले. मी बाहेरच्या पायरीवर बसून बूट काढले, कारण वास आला होता आणि आता जेवल्याशिवाय सुटका नव्हती.